खिंडीतला आवाज

तीन आठवडे पाऊस लागून राहिला होता. जुलै अर्धा सरला तरी डोंगरावरच्या मेंढ्यांची लोकर कातरायची राहिली होती आणि ओल्या लोकरीत माशी बसायला लागली होती. जॉस बेन्सनला ते सोमवारी सकाळी कळलं. घरामागच्या दगडी गडग्याला लागून एक मेंढी उभी होती. चरत नव्हती. मान मागे वळवून आपलीच पाठ चावायला बघत होती आणि मागचा पाय आपटत होती. जॉसने काठीचा आकडा तिच्या गळ्यात अडकवला, तिला ओढून दोन्ही गुडघ्यांत दाबलं आणि शेपटीवरची लोकर बोटांनी फाकवली. आत अळ्या वळवळत होत्या. त्याने तेवढी लोकर कात्रीने कापून काढली, अळ्या नखांनी खरवडल्या, औषध ओतलं आणि तिला सोडून दिलं. मग बराच वेळ तो ओहळाच्या पाण्यात हात धरून बसला.

खाली आलेली ही एक. त्याची बाकीची मेंढरं वर होती, सगळ्या खोऱ्याच्या मेंढरांत मिसळलेली. माशी लागलेली मेंढी कुणाच्या हाती लागली नाही तर चार-सहा दिवसांत जिवंतपणी खाल्ली जाते.

संध्याकाळी विल्सन बर्केटचा फोन आला. उद्यापासून दोन-तीन दिवस कोरडे जातील असं हवामानवाले सांगत होते, तेव्हा उद्याच मेंढ्या उतरवायच्या. उतरवणीचा कारभार विल्सनकडे होता, त्याआधी त्याच्या बापाकडे. डोंगरावर कुणी कुठे उभं राहायचं ते तो सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे. जॉसला सांगायची गरज नव्हती. हाय स्कारच्या कड्याखालची खिंड ही त्याची जागा, लग्नाच्याही आधीपासूनची. तरी विल्सन फोनवर घुटमळला. यंदा वाटल्यास खालचं फाटक धर, म्हणाला. झोपलेल्या पोराच्या खोलीत बोलावं तसा म्हणाला.

"का? खिंड कुठे गेली?" जॉसने विचारलं.

"कुठे नाही. आपलं विचारलं."

"मग मी खिंडीत असतो."

"असतोस ना. असतोसच," विल्सन म्हणाला आणि फोन ठेवायच्या आधी, बरा आहेस ना, असंही त्याने विचारलं. हे असलं विल्सन बर्केटने उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

फाटक धरायला म्हातारे असत, पोरं असत, शहरातून आलेले पाहुणे असत. मेंढ्या आल्या की उघडायचं, आत गेल्या की लावायचं. डोंगर सगळ्यांचा सामाईक. आपली मेंढरं एकट्याने वेगळी काढून आणायची सोय नव्हती. ज्या घरातून वर उभं राहायला माणूस उरत नाही त्याची मेंढरं शेजारी एक-दोन वर्षं उतरवून देत, तक्रार करत नसत. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी येऊन चांगल्या शब्दांत विचारी, आता विकून का टाकत नाहीस. पलीकडच्या डिक्सनला असंच विचारलं होतं, आणि त्याने विकली होती. जॉसचा मुलगा एमॉस दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे निघायचा, आला की जेवून झोपायचा. मेंढ्यांत त्याचा जीव नव्हता. जॉसची बायको एल्सी फेब्रुवारीत गेली. डोंगरावर जाणारे घरात दोघंच उरले होते, जॉस आणि एमॉसची बायको फ्लोरिका.

फ्लोरिका रुमानियाची. तिचा बापही मेंढपाळ. कातरणीच्या टोळीबरोबर लोकरीच्या गुंडाळ्या करायला ती या खोऱ्यात आली आणि एमॉसशी लग्न करून राहिली. जॉसला ती तिच्या भाषेत ताता म्हणायची, म्हणजे बाबा. मेंढ्या तिला कळायच्या. माणसं कळायला वेळ लागला.

लग्नानंतरच्या पहिल्या उतरवणीला ती विल्सनच्या खालच्या अंगाला रांगेत होती. नेच्याच्या दाटीतून दोन मेंढ्या तिच्या मागे निसटल्या, आणि विल्सनने वरून तिचं नाव घेऊन जे सुरू केलं ते पलीकडच्या उतारावर ऐकू गेलं. डोळे आहेत की बटणं शिवलीत, इथून सुरुवात झाली आणि तुझ्यापेक्षा गडगा बरा, निदान मेंढी त्याला आपटते तरी, इथवर आलं. खाली आल्यावर त्याच विल्सनने तिच्या ताटात हॅमचा मोठा तुकडा वाढला आणि मोहरी हवी का विचारलं. फ्लोरिका घरी येऊन रडली. सामान बांधायला काढलं. असल्या माणसांत मी राहणार नाही, म्हणाली.

एल्सीने तिला स्वयंपाकघरात बसवलं. जॉस दारात गमबूट काढत होता.

"तो माझ्यावर ओरडला," फ्लोरिका म्हणाली.

"ओरडला नाही. त्याने तुला बॉल आउट केलं."

"तेच ना?"

"तेच नाही गं. फिरायला आलेल्यांचा कुत्रा मेंढ्यांमागे लागला की विल्सन त्यांच्यावर ओरडतो. ते ओरडणं. बॉल आउट करायला माणूस आपला असावा लागतो. आणि त्याला काम येतं हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. येत असून चुकला, म्हणून छातीतला सगळा वारा खर्च करायचा. ज्याला येतच नाही त्याच्यापायी घसा कोण फोडेल?"

फ्लोरिकाने डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं. शब्द हाती लागला की तो सगळीकडे लावून बघायची तिला सवय होती. त्या आठवड्यात किटलीने तिला बॉल आउट केलं, दारावरच्या बिजागरीने केलं, एमॉसच्या घोरण्याने केलं. एल्सी ओट्याला धरून हसायची. किटली कशी करेल गं, किटलीला काय पडलंय तुझं. हळूहळू फ्लोरिकाला कळलं. पुढच्या वर्षी विल्सनने तिला फैलावर घेतलं तेव्हा तिने खालून आपल्या भाषेत उलट सुनावलं. सगळ्या उतारावर हशा झाला आणि विल्सन दोन दिवस खुशीत होता.

मागच्या ऑक्टोबरची उतरवणी मात्र वेगळी गेली. जॉसची कंबर धरली होती म्हणून खिंडीत एल्सी उभी होती. तिचा आवाज त्याच्याहून बरा, कड्यावर आपटून परत येणारा. मेंढ्या खिंडीशी आल्या तेव्हा ती एका दगडावर बसलेली होती. उठेपर्यंत दहा-बारा तिच्या बाजूने वर निसटल्या. विल्सनने सगळ्या खोऱ्यादेखत तिची हजेरी घेतली. एल्सी, बसायला घरी खुर्ची नाही का, असं तो म्हणाला, आणखीही पुष्कळ म्हणाला. एल्सीने काठी उंचावून दाखवली आणि उठून उभी राहिली. दोन आठवड्यांनी तिचं दुखणं कळलं, आणि फेब्रुवारीत सगळं आटोपलं.

तेव्हापासून विल्सनचा आवाज जॉसपुरता बसला होता. जॉसचाही बसला होता. टिप कुत्र्याला तो आता शीळ घालून किंवा हाताने खुणा करून चालवायचा. घशातून मोठा आवाज काढावासा वाटत नव्हता, आणि काढायला लागावं असं काही घडलंही नव्हतं.

मंगळवारी पहाटे धुकं होतं, पण वर चढेपर्यंत विरळ झालं. रांग माथ्यावरून पसरली. विल्सन मध्ये, फ्लोरिका त्याच्या खाली, बाकीचे दोन्ही अंगांना. जॉस आणि टिप कड्याच्या कडेने खिंडीत उतरले. गवत ओलं होतं आणि गमबुटांत पाणी शिरलं होतं. त्याने नेहमीची जागा घेतली. डाव्या हाताला कडा, उजवीकडे दगडगोट्यांचा उतार, मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. वरून हाकलेल्या मेंढ्या खालच्या फाटकाकडे वळतात, पण जुन्या मेंढ्यांना ही वाट माहीत असते. एकीने तोंड फिरवलं की बाकीच्या मागे येतात आणि कड्यांत गेल्या की गेल्याच. खिंडीतल्या माणसाचं काम मोठं नाही. तिथे असायचं, दिसायचं आणि वेळेवर आवाज द्यायचा.

वरून शिळा ऐकू येत होत्या, कुत्र्यांचं भुंकणं, विल्सनचं कुणाला तरी रागे भरणं. पीटर नावाच्या पोरसवदा शेजाऱ्याला तो, उभा आहेस की कुणी पुरलंय तुला, असं विचारत होता. जॉसला बरं वाटलं. दिवस नेहमीसारखा वाटला. मग त्याचं लक्ष उजवीकडे गेलं. तिथे एक बसका दगड होता, वरून सपाट. त्याच्या आसपास उठून उभं राहायला दुसरा आधार नव्हता. म्हणजे ती तळहात याच दगडावर टेकून उठली असणार. एका दमात उठली असेल की दोनदा प्रयत्न केला असेल, ते कुणी पाहिलं नव्हतं.

टिप कण्हला. जॉसने वर पाहिलं तेव्हा पुढची मेंढी वाटेवर आली होती, तुटक्या शिंगाची, म्हातारी. ती थांबली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मागे वीसेक होत्या. एक हाक पुरली असती. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. आत काही नव्हतंच. शीळ घालायला बोटं तोंडाशी नेली तर नुसती हवा निघाली. कुत्रं हुकमाची वाट बघत जमिनीला चिकटून राहिलं. म्हातारीने आणखी क्षणभर वाट पाहिली आणि त्याच्या मांडीला लोकर घासून ती वर निघून गेली. बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या. एका कोकराने तर त्याच्या काठीवरून उडी मारली.

त्याने मान वर करून पाहिलं. विल्सन उतारावर उभा होता, सगळं दिसेल एवढ्या जवळ. जॉस वाट बघत राहिला. खाली-वर सगळेच थांबले होते, त्यांनाही ठाऊक होतं आता काय होणार. विल्सनने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली आणि हाताने रांगेला पुढे चला म्हणून खूण केली.

विल्सनच्या खळ्यात नेहमीसारखं लांब टेबल मांडलं होतं. जॉस आला तसा कुणीतरी उठून त्याला खुर्ची दिली. बाकीचे बाकांवर बसले होते. ताट त्याच्यापुढे आणून ठेवलं. असं होतं, एकजण म्हणाला. वाट निसरडी झालीय, दुसरा म्हणाला. पीटरने चहात साखर घालून दिली, जॉस साखर घेत नसताना. जॉसने तो चहा संपवला.

घरी जाताना गाडीत फ्लोरिका बोटांवर मोजत होती. आज विल्सनने तिला दोनदा बॉल आउट केलं, पीटरला केलं, त्या दाढीवाल्याला केलं, स्वतःच्या भावाला केलं. मग तिने जॉसकडे पाहिलं.

"तुम्हाला नाही केलं, ताता. तुमच्याकडून तर सगळ्यात जास्त सुटल्या."

शब्द तिने अगदी बरोबर वापरला होता. जॉस समोर बघून गाडी चालवत राहिला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने खिडकीची काच उगाच खाली केली आणि पुन्हा वर घेतली.

बुधवार कातरणीत गेला. एमॉसने रजा काढली होती. तो मेंढ्या ओढून आणायचा, जॉस कातरायचा, फ्लोरिका गुंडाळायची. मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या पोटाला टेकवायची, पोटापासून मशीन फिरवत न्यायची. दुपारपर्यंत जॉसच्या कमरेतून कळा जायला लागल्या. दर पाच-सातांमागे एकीत अळ्या निघत होत्या. कातडं सडलेलं, हिरवट, हात लावला की सालपट सुटायचं. औषधाने डोळे झोंबत होते. कातरलेली मेंढी पांढरी पडून, अर्धी होऊन अंगणात उडी मारायची आणि तिचं कोकरू तिला ओळखायचं नाही.

चार वाजता जॉसने मशीन बंद केली, काठी घेतली आणि टिपला घेऊन कड्यांकडे निघाला. सुटलेल्यांतल्या जमल्या तर आणाव्यात, असं त्याने एमॉसला सांगितलं. एकट्याने ते होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. वर गेल्यावर त्याला लांबून दोन-तीन दिसल्या, कपारीवर, हाताला न लागणाऱ्या. मग कावळे दिसले. त्यांच्याखाली एक मेंढी आडवी पडली होती. तिची कूस अजून हलत होती. लोकरीवर निळा पट्टा होता. जॉसच्या मेंढ्यांना लाल पट्टा असे. निळा विल्सनचा. त्याने लोकर फाकवली आणि लगेच हात काढून घेतला. पाठीवर कातडंच उरलं नव्हतं. त्याने सुरी काढली आणि करायचं ते केलं, नीट केलं, तिला वेळ लागू दिला नाही. कानातला बिल्ला कापून खिशात टाकला आणि घरी न जाता तसाच खाली विल्सनच्या अंगणात उतरला.

विल्सन गोठ्याच्या दारात पाइपने गमबूट धूत होता. जॉसने बिल्ला गडग्यावर ठेवला.

"कपारीखाली होती. कावळे डोळ्यांपाशी आले होते."

विल्सनने बिल्ला बघितला. "असू दे, जॉस. एका मेंढीचं काय एवढं."

"काल पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. माझ्या अंगावरून गेली ती."

"असू दे म्हटलं ना. यंदा तुझं हे असं..."

"यंदा माझं काय?" जॉस म्हणाला, आणि फेब्रुवारीपासून न निघालेला आवाज निघाला. गोठ्यातली कुत्री उठून उभी राहिली. "इतकी वर्षं तू मला सगळ्या डोंगरादेखत सोलत आलास. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सोललंस. आता मी तुझी मेंढी मारली आणि तू असू दे म्हणतोस? मला खुर्ची देतात तुझ्या खळ्यात. मेली ती एल्सी. मी नाही मेलो, विल्सन. मी इथे उभा आहे."

पाइपमधून पाणी वाहत होतं. विल्सनने ते बंद केलं नाही.

"मी तिला बोललो," तो म्हणाला. "तिच्या आत ते दुखणं होतं आणि मी तिला खुर्ची नाही का म्हणालो. सगळ्यांसमोर. तुझ्यावर आवाज चढवायचा म्हटला की माझं तोंडच उघडत नाही. तू खिंडीत त्या दगडाकडे बघत होतास. मला दिसत होतं. मीही तिकडेच बघत होतो."

जॉसला ते ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते विल्सनला खुपत राहावं असंही त्याला आत कुठेतरी वाटत आलं होतं. विल्सन दवाखान्यात आला होता तो दिवस त्याला आठवत होता. टोपी हातात घेऊन विल्सन खाटेशी उभा राहिला आणि हळू आवाजात तिला काय हवं-नको विचारून गेला. तो गेल्यावर एल्सी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जे बोलली ते जॉसने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू येऊन गेलास ना, तेव्हा ती म्हणाली, आता हाही हळू बोलायला लागला. म्हणाली, खिंडीत तो मला बोलला, तेव्हा मला कुणी शेवटचं धडधाकट धरलं. त्यानंतर सगळे काचेचं भांडं धरावं तसे." जॉस थांबला. "दोनदा सांगितलं तिने. त्या दिवसाबद्दल बोलायला तिला आवडायचं. मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

विल्सन खाली बघत होता. पाणी त्याच्या गमबुटांभोवती साचून अंगणात पसरत चाललं होतं. कितीतरी वेळाने त्याने नळ बंद केला. पाठ जॉसकडे होती. मान लाल झालेली जॉसला दिसली. मग विल्सन वळला.

सुरुवात त्याने बारीक आवाजातच केली, पण दुसऱ्या वाक्याला तो नेहमीचा झाला आणि चौथ्याला त्याहून मोठा. मेंढी माझी होती, म्हणाला, तिच्या आईला मी बाटलीने वाढवली होती. खिंडीत उभं राहणारा माणूस वाट बघायला उभा राहतो, दगड बघायला नाही. कुत्रं तुझ्या तोंडाकडे बघत होतं आणि तू त्याला उपाशी ठेवलंस. तुझ्यापायी वीस मेंढ्या वर आहेत, त्यांतल्या सात माझ्या, आणि त्यांना आत्ता या घटकेला माशी खातेय. फोनवर विचारलं तेव्हा होय म्हटलं असतंस तर त्या खाली असत्या. पण तुला मान हवा होता. मान हवा होता तर आवाज द्यायचा होतास, गाढवा. गडग्यावर मूठ आपटत तो बोलत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तो थांबत नव्हता. जॉस हात खाली सोडून उभा राहिला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याचं अंग हलकं होत होतं. त्याला इतकंच हवं होतं, आणि ते आता मिळत होतं.

पण विल्सन अजून संपला नव्हता.

"आणि आता ऐक. शुक्रवारी पुन्हा जायचंय. तू खिंडीत उभा राहायचं नाहीस. शुक्रवारी नाही, ऑक्टोबरातही नाही. तुझ्याच्याने आता होत नाही, जॉस. कंबर नाही, कान नाहीत, आणि तिथे गेलास की तू तिथे नसतोस. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगतोय."

विल्सन धापा टाकत होता.

जॉसला वाद घालायचा होता. हंगाम वाईट होता, धुकं होतं, पुढच्या वेळी बघ, असं पुष्कळ तोंडाशी आलं. पण यांतलं काही खरं नव्हतं आणि समोरच्या माणसाने नुकतंच खरं सांगितलं होतं.

"मग खिंडीत कोण?" त्याने विचारलं.

"तुझी सून. तिला आवाज आहे. चांगला खणखणीत आहे, माझ्या कानांनी ऐकलाय."

"तिला खिंड माहीत नाही."

"मग दाखव," विल्सन म्हणाला. "तुला माहीत आहे ना."

गुरुवारी सकाळी तो फ्लोरिकाला वर घेऊन गेला. चढताना दोनदा थांबावं लागलं आणि ती पुढे न जाता पायातला काटा काढल्यासारखं करत राहिली. त्याने तिला उभं राहायची जागा दाखवली. मेंढ्या त्या वळणावरून दिसायच्या आधी उतारावरचे गोटे वाजतात, ते ऐकायचं. पुढची मेंढी थांबेल आणि तुझ्याकडे बघेल, तेव्हाच आवाज द्यायचा. त्याआधी दिला तर बुजून फुटतात, नंतर दिला तर उपयोग नाही. तुटक्या शिंगाची आली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"तिने मान खाली घातली तर?"

"तर ती खोटं बोलतेय."

फ्लोरिका हसली. मग तिने आजूबाजूला पाहून विचारलं, मागच्या वर्षी आई कुठे बसल्या होत्या. त्याने दगड दाखवला. ती त्याच्यापाशी गेली, पण बसली नाही. हाताने त्यावरची ओल पुसल्यासारखं केलं आणि परत आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. त्या जागेवर तीच बरी दिसते, हे जॉसला तिथेच कळलं. टिपलाही त्याने तिच्या हवाली केलं. कुत्रं दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलं.

शुक्रवारी तो फाटकावर होता. साखळी काढून हातात धरली होती. बरोबर डिक्सनचा सात वर्षांचा नातू होता आणि तो सारखा विचारत होता, आता येतील का. ऊन पडलं होतं. डोंगर खालून बघितला की लहान वाटतो. माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती आणि खिंड तर दिसतच नव्हती, मध्ये टेकाड येत होतं.

मग आवाज आला. आधी फ्लोरिकाचा. एकच हाक, लांब, आणि ती कड्यावर आपटून परत आली. जॉसची साखळीवरची मूठ घट्ट झाली. क्षणभर काहीच नाही. आणि मग विल्सनचा. फ्लोरिका बेन्सन, इथून सुरू झाला. वाऱ्याने मधले शब्द तुटत होते, पण एवढं कळत होतं की मेंढ्या वळल्या होत्या, एक सोडून. त्या एकीसाठी तिचे डोळे, तिचे पाय, तिचा देश आणि तिने बाळगलेलं कुत्रं या सगळ्यांची झडती चालली होती. मधूनच तिचं उलट उत्तर ऐकू येत होतं. जॉस टोपी मागे सारून ऐकत राहिला.

"कुणाला रागवतायत?" पोराने विचारलं.

"माझ्या सुनेला."

"का?"

"तिला येतं म्हणून," जॉस म्हणाला.

मेंढ्या आल्या तेव्हा त्याने फाटक उघडलं, बाजूला उभा राहिला, आणि शेवटची आत गेल्यावर लावलं. त्यांत त्याच्या होत्या, विल्सनच्या होत्या. सगळ्यांच्या मागून विल्सन आला, घामाने डबडबलेला. जॉसपाशी तो थांबला. "छान धरलंस," म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. ते मनापासून होतं. जॉसला त्याचा राग आला नाही. फाटक धरणाऱ्याला आणखी काय म्हणणार?

बाकीचे खळ्याकडे गेले, पोरही गेलं. वाडग्यात एकच कालवा उठला होता. गर्दीत आया आणि कोकरं एकमेकांपासून तुटली होती. ती आवाजावरूनच एकमेकांना शोधतात. शेकड्यांनी ओरडत असतात, तरी ज्याचं त्याला कळतं. हळूहळू एकेक जोडी लागत गेली. कोकरं ढुशा देऊन प्यायला लागली आणि कालवा उतरत गेला. शेवटी एक मेंढी उरली. ती लाल पट्ट्याची होती आणि फाटकाच्या फळ्यांना छाती लावून डोंगराकडे तोंड करून ओरडत होती. तिचं कोकरू वरच राहिलं होतं. ते आहे की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. अशी मेंढी जिथे शेवटचं दूध पाजलेलं असतं तिथेच परत जाते. तिला अडवण्यात अर्थ नसतो.

जॉसने तिची लोकर तपासली. ती स्वच्छ होती. त्याने साखळी काढली आणि फाटक तिच्यापुरतं उघडलं. ती बाहेर पडली, थोडी धावली, थांबली, ओरडली, कान टवकारून उत्तराची वाट पाहिली आणि पुन्हा चढायला लागली. खळ्यातून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. येतो, असं त्याने हाताने दाखवलं. टेकाडामागे गेल्यावर ती दिसेनाशी झाली. आवाज मात्र अजून येत होता, आणि तो येत होता तोवर जॉस फाटकाशी उभा राहिला.